मामाचा बोलका टी-शर्ट

माझा मामा केस कापतो. या धंद्यातल्या माणसाच्या तोंडाचा पट्टा सतत चालू असतो अशी लोकांची समजूत आहे, पण मामाला बोलायचा भयंकर कंटाळा. गिऱ्हाइकं त्याला मौनीबाबा म्हणतात. दिवसभरात तो एकच वाक्य बोलतो, "मान हलवू नका", आणि तेवढ्यानेही त्याचा घसा बसतो असं मामीचं म्हणणं.

हे वाक्य सगळ्यात जास्त खर्ची पडायचं गणिताच्या सरांवर. सर खुर्चीत बसले की वाद घालायला लागतात, आणि आपला मुद्दा मामाला पटला की नाही हे बघायला गर्रकन मागे वळतात. एकदा कात्री कानाजवळून अशी गेली की दोघंही घामाघूम झाले. त्या संध्याकाळी मामा घरी आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "छातीवर छापूनच घेतो."

टी-शर्ट छापणारा डझनाखाली काम घेईना. मग मामाने ते घरीच करायचं ठरवलं. मामीने परवानगी दिली, पण अट घातली. "विकत आणायचा तो कापडाचा रंग आणि वह्यांना लावायचं चिकट प्लॅस्टिक. बाकी घरात असेल त्यात भागवा."

मामाने हे फारच मनावर घेतलं. सुट्टीच्या दिवशी मी चहाला गेले तेव्हा मामी बाहेरच्या खोलीतल्या रिकाम्या खिळ्याकडे बघत उभी होती.

"अहो, माझे बाबा कुठे गेले?"

"कपाटात. आराम करतायत."

"आणि फ्रेम?"

फ्रेम मामाच्या मांडीवर होती आणि तिच्यावर तो जुन्या पडद्याचं झिरझिरीत कापड ताणून स्टेपल करत होता. मध्येच टिचकी मारायचा. टण्‌ वाजलं नाही की पुन्हा ताणायचा.

मग त्याने वस्तऱ्याचं पातं काढलं आणि चिकट प्लॅस्टिकमधून अक्षरं कापायला घेतली. हात असा हलका, की जणू एखाद्याच्या कल्ल्याला आकार देतोय. 'व'च्या पोटातला बारीक ठिपका सुटून आला, तोही त्याने चिमट्याने उचलून बाजूला जपून ठेवला. फ्रेम उलटी करून ते प्लॅस्टिक त्याने खालच्या बाजूने कापडाला चिकटवलं, ठिपके जागच्या जागी बसवले. आता रंग फक्त अक्षरांतूनच खाली जाणार होता.

"आधी चिंधीवर बघा," मामी म्हणाली.

"चिंधी कशाला वाया घालवायची?"

टी-शर्टच्या आत पुठ्ठा सरकवला, वर फ्रेम ठेवली. मामी दोन्ही हातांनी फ्रेम दाबून उभी राहिली, वडिलांनाच धरल्यासारखी हळुवार. मामाने एका कडेला रंग ओतला आणि दुकानातला आरसा पुसायचा रबरी वायपर एका दमात खाली ओढला. फ्रेम उचलली. कडा कशा कोरल्यासारख्या! रंग कुठेही फुटला नव्हता. मामाच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद कधी बघितला नव्हता.

मामीने मान तिरकी केली. मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली. "छान आलंय. भाषा कोणती आहे?"

अख्खं वाक्य उलटं उमटलं होतं. सुलट कापून खालून चिकटवलं की असं होतं, हे कळायला मामाला अख्खा टी-शर्ट लागला. तो खाली बसला. मामीला हसू आवरेना, तरी तिने दुकानातल्या ड्रायरने रंग वाळवला, वरून फडकं टाकून कडक इस्त्री फिरवली आणि टी-शर्ट त्याच्या अंगावर टाकला. "टाकून द्यायचा नाही. कामाला वापरा."

दुसऱ्या दिवशी मामा तोंड पाडून तोच घालून दुकानात उभा राहिला. सर आले, बसले, अंगाभोवती कापड गुंडाळून झालं. वाद सुरू करायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. समोरच्या आरशात, मामाच्या छातीवर, स्वच्छ सुलट अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मान हलवू नका'.

"हे मला उद्देशून आहे का?" सरांनी आरशालाच विचारलं.

मामाने मान डोलावली. सरांनी खात्री करायला सवयीने मागे वळून पाहिलं, तर काही वाचता येईना. मग निमूट समोर तोंड केलं आणि केस होईपर्यंत तसेच बसले. त्यांच्या आयुष्यातला पहिला सरळ भांग त्या दिवशी निघाला.

तेव्हापासून जो येतो तो आरशात बघून विचारतो, हे केलं कसं? आणि आमचा मौनीबाबा पडद्याच्या कापडापासून सुरुवात करतो तो मानेवरची पावडर झटकेपर्यंत थांबत नाही.

सरांनी तर स्वतःसाठीही एक छापून मागितला, 'पायऱ्या दाखवा'. वर्गात आरसा नसतो, म्हणून या वेळी मामाने अक्षरं उलटी कापली आणि आधी चिंधीवर उमटवून मामीकडून वाचून घेतली. सर तो घालून शाळेत गेले. पोरांनी दुसऱ्या दिवशी दोन अधिक दोनच्याही पायऱ्या लिहून आणल्या, आणि त्या तपासता तपासता सरांचा रविवार गेला.