आबांनी कॉलनीत बसवलेली मेंढरं

माझ्या उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्ट्या हिमाचलातल्या एका खोऱ्यात गेल्या, असं सांगितलं की लोकांना मी बड्या घरची वाटते. खरं तर वडील तिथं धरणाच्या कामावर फोरमन होते. आई त्यांच्यासोबत, आणि मी शाळेसाठी केडगावला आबांपाशी, म्हणजे आजोबांपाशी. सुट्टी लागली की आम्ही दोघं दौंडला गाडीत बसायचो. मे महिन्यात गावाकडं फुफाटा उडत असताना तिथं नदीला बर्फाचं पाणी असायचं, दिवाळीत समोरचे डोंगर पांढरे झालेले. मला त्याचं कौतुक फारसं नव्हतं. मला आई पाहिजे असायची.

सुट्टी संपली की आई बसपर्यंत यायची. नीट घातलेल्या माझ्या वेण्या उगाच सोडून पुन्हा घालत बसायची.

मी चौथीत असताना दिवाळीत तिनं धीर करून विचारलं, "आबा, पोरीला इथंच ठेवू का? हिंदी शाळा हाय." आबांनी चहा मागून विषय बदलला. आजी गेल्यावर त्यांनी मेंढरं विकली होती, शेत वाट्यानं दिलं होतं. गावच्या घरात बोलायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मला आई हवी होती आणि आबाही.

त्याच आठवड्यात तिकडचे मेंढपाळ थंडीमुळं कळप घेऊन खाली उतरत होते. मेंढरं दिसताच आबांच्या अंगात वारं शिरलं. आमच्याकडं शेतकरी खतासाठी मेंढपाळांना बोलावून रानात मेंढरं बसवतात. आबांनी त्याच रिवाजानं सगळा कळप थेट आमच्या क्वार्टरच्या आवारात बोलावला. "बैठाव, बैठाव. अपनाच रान हाय." मेंढपाळांची हिंदीही आबांसारखीच असावी, कारण ते लगेच बसले. कोकरं आवारात ठेवून त्यांनी मेंढ्या समोरच्या उतारावर चारायला नेल्या.

संध्याकाळी मेंढ्या परतल्या आणि शेजारच्या साहेबांनी हौसेनं लावलेले गुलाब फस्त झाले. वडील कामावरून आले ते कपाळाला हात लावूनच. "आबा, ही कॉलनी हाय, आपलं वावर न्हाई."

"लेंड्या पडल्यात. पुढल्या साली गुलाब बघ कसं येत्यात," आबा म्हणाले. आई पदर तोंडाला लावून हसत होती.

तेवढ्यात मेंढपाळांनी कोकरं पाजायला सोडली. एकच कालवा झाला. त्या गर्दीत प्रत्येक कोकरू बरोबर आपल्या आईपाशी जात होतं. आबांनी हे आयुष्यभर रोज पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र ते बघता बघता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले.

"सूनबाई," ते म्हणाले, "कोकरू मी दिसभरच आईपासनं बाजूला ठिवायचो. सांजच्याला सोडायचो. हिला म्हयनं म्हयनं तोडली. ठेव तुझ्यापाशी."

"आन् तुम्ही?" आईनं विचारलं.

"मी येत जाईन की. सुट्ट्या काय पोरांनाच अस्त्यात व्हय?"

सुट्टी संपली तेव्हा वडील आबांना रेल्वेत बसवून द्यायला निघाले. बस सुटली तेव्हा मी पहिल्यांदाच आईच्या बाजूला उभी होते. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही, फेटा सारखा करत समोरच बघत राहिले. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आईचा हात माझ्या हातात होता, आणि मी आबांसाठी रडत होते.