शेवटचा हात कधी लागला

रुग्णालयाच्या तळघरातली सर्व्हरची खोली ती अकरा वर्षं सांभाळत होती. राग सदा नाकावर, म्हणून सगळे तिला ‘मिरची’ म्हणत.

त्या दुपारी अपघातातल्या एका बाईंना तातडीनं रक्त हवं होतं. रक्तपेढीच्या सिस्टरांनी संगणकावर रक्तगट टाकला आणि पडदा गोठला तो चार मिनिटं. शेवटी त्यांनी फ्रिज उघडून पिशव्यांवरची लेबलं एकेक करून वाचली. बाई वाचल्या, पण थोडक्यात.

लगेच बैठक बसली. “सिस्टरांनी भलतंच बटण दाबलं असणार,” रुग्णालयाचा कारभार बघणारे साहेब म्हणाले. सिस्टरांचा चेहरा पडला.

मिरची ताडकन उठली. “त्यांच्यावर खापर फोडू नका! तुमच्या कार्यालयाचे अहवाल रक्तपेढीच्याच सर्व्हरवर तयार होतात. त्या अहवालांनी मेमरी भरली, की कर्नल जागा मोकळी करायला घेतो.”

“हा कोण कर्नल?”

“लष्करातला नाही! ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरीच्या कुठल्या पानाला, म्हणजे तुकड्याला, नुकताच हात लागलाय, कुठल्याला बऱ्याच वेळात नाही, एवढं तो बघतो. न लागलेली पानं उचलून डिस्कवर टाकतो. रक्तपेढीचा प्रोग्रॅम सकाळपासून गप्प होता, त्याचीच पानं गेली. डिस्कवरून परत आणायला वेळ लागतो.”

“म्हणजे चूक तुमच्या कर्नलचीच.”

“त्या बिचाऱ्याला रक्त काय नि अहवाल काय! तुम्हाला तर कळतं ना? अहवाल दुसरीकडे हलवा, म्हणून तीनदा लेखी दिलं. तिन्ही वेळा ‘बघू’!”

“आवाज खाली!”

ती तडक तळघरात गेली. साहेबांच्या सहीशिवाय सर्व्हरला हात लावायचा नाही, असा नियम होता. तिनं लावला. रक्तपेढीची पानं मेमरीतून हलणार नाहीत अशी जखडून टाकली आणि अहवालांना मेमरीची मर्यादा घातली.

दुसऱ्या दिवशी तिच्या हातात ताकीदपत्र पडलं.

“कशाला नसती आफत ओढवून घेतेस?” आई घरी म्हणाली.

“आफत? त्या तीन ‘बघू’वर मी मूग गिळून बसले, आई. पहिल्याच ‘बघू’ला हे करायला हवं होतं.”

रक्तपेढीचा पडदा पुन्हा गोठला नाही. पुढच्या बैठकीत साहेबांनी ‘आपण केलेल्या सुधारणे’बद्दल स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मिरचीनं ताकीदपत्राची प्रत सगळ्यांसमोर त्यांच्या पुढ्यात आपटली आणि कामाला निघून गेली.