सात हात वॉर्निश

आमच्या नव्या घराच्या गृहप्रवेशाला सव्वीस माणसं आली होती. दुपारी अडीचपर्यंत त्यातल्या एकाचाही प्रवेश झाला नाही.

चूक कुणाची, हे आमच्या घरी अजून ठरायचं आहे. (म्हणजे माझी, हे बाकी सगळ्यांचं ठरलंय. माझं ठरायचं आहे.)

अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवची गोष्ट. उचगावात आम्ही दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधलं. घराला दार एकच, कारण मागं शेजाऱ्यांची भिंत. आमचे हे शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने करायचे. नुसतं ठोकून लाकडाची जात सांगणारा माणूस! प्लायवूडचं दार म्हटलं की यांचं तोंड कडू व्हायचं. म्हणून शाहूपुरीतल्या एका वखारीतून, पाडलेल्या शाळेचं जुनं सागवानी दार टेम्पोत घालून आणलं.

दारावर रंगाचे इतके थर होते की खरवडता खरवडता माझी दोन नखं गेली. हिरव्याखाली पिवळा, पिवळ्याखाली निळा, आणि निळ्याखाली कुणीतरी कंपासच्या टोकानं कोरलेलं, 'बाई लई मारत्यात.' सासूबाईंनी (त्यांना मी आत्या म्हणते) ते वाचलं आणि उगाचच माझ्याकडं बघितलं. मी पोस्टात कारकून आहे हो, बाई नाही!

यांनी दार चौकटीत बसवलं आणि चारी बाजूंनी एकेक सूत फट ठेवली.

"ही फट कशाला?" मी विचारलं.

"पावसात लाकूड फुगतं. त्याला जागा लागती."

मग यांनी वॉर्निशचे दोन हात दिले, ब्रश धुतला आणि बजावलं, "झालं काम. आता ह्या दाराला हात लावायचा न्हाय."

मी बरं म्हटलं. पण माझा एक स्वभाव आहे. मला काम संपलेलं बघवत नाही. हे सेकंड शिफ्टला गेले की मी दारासमोर उभी. कडेला जरा फिकट वाटतंय का? वाटतंयच! दिला तिसरा हात. वाळला का बघायला बोट लावलं, तर बोटाचा ठसा उमटला. ठसा घालवायला चौथा हात. तो वाळला का बघायला पुन्हा बोट! श्रावणातली ओली हवा, दोन-दोन दिवस काही वाळायचं नाही, आणि मला दर अर्ध्या तासानं बघितल्याशिवाय राहवायचं नाही. आत्या म्हणायच्या, "अगं, भाकरी करपली, तुझं ध्यान कुठं हाय?" ध्यान दारात होतं. पाचवा हात फक्त कडांना. सहावा बिजागऱ्यांच्या बाजूला, स्क्रूंसकट. (नुसते स्क्रू उघडे बरे दिसत नाहीत!)

गृहप्रवेशाच्या सकाळी हे पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले. आत्या आत खिरीचं पातेलं ढवळत होत्या. अंगणात मांडव, सतरंज्या सगळं तयार. मला काही काम नाही. रिकामे हात घेऊन मी हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या, बुद्धमूर्तीपुढची फुलं तीनदा बदलली, आणि तेवढ्यात दाराच्या कडेवर ऊन पडलं. वीतभर जागा मंद दिसत होती!

डब्यात तळाला थोडं वॉर्निश होतंच. दिला सातवा हात. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक धुरळा उडवत गेला. ओल्या वॉर्निशवर धूळ बसू नये म्हणून मी दार आतून लोटलं. चांगलं गच्च, खांदा लावून.

तासाभरानं बाहेर रिक्षा थांबल्या. हसणं, हाका, चपलांचा आवाज. यांनी दार ढकललं. मग जरा जोरात ढकललं.

"दार उघड की गं."

"उघडत नाही."

"कडी काढ."

"कडी लावलीच नाही."

बाहेरून अगदी हळू आवाजात, "दाराला हात लावलास?"

"...एक."

"किती?"

"दोन."

"खरं सांग. पावणं ऐकायल्यात."

"पाच," मी म्हटलं. "तुमचे दोन धरून सात."

पाहुण्यांत कुणीतरी "अगं बाई!" म्हटलं. आत्या पदर खोचून पुढं आल्या. "सर बाजूला." त्यांनी पितळी मूठ धरून अशी ओढली की मूठ त्यांच्या हातात आली आणि त्या फरशीवर. दार होतं तिथंच.

"बिजागऱ्या आतनं हायत," बाहेरून हे म्हणाले. "माझी पिशवी घे, स्क्रू ड्रायव्हर काढ, स्क्रू सोडीव. सोपं हाय."

मी बघितलं. स्क्रूच्या खाचा वॉर्निशनं गुळगुळीत भरल्या होत्या. इतकं सुबक काम माझ्या हातून पुन्हा कधी झालं नाही.

माझा धाकटा भाऊ बाळू कागलच्या एमआयडीसीत मशीनवर आहे; अंगानं दरवाजाएवढाच. तो पुढं झाला. "व्हा बाजूला दाजी. अक्के, मागं सर!" धडाम! दार हललं नाही. बाळूच्या नव्या पांढऱ्या शर्टाचा खांदा तेवढा सागवानी झाला.

एक रिक्षावाला अजून गेला नव्हता. "पावणं, जॅक लावू का?"

"दार हाय ते, ट्रक न्हवं!" हे ओरडले.

आता विधीसाठी बोलावलेले बौद्धाचार्य घड्याळ बघायला लागले. त्यांना बाराला दुसरीकडं जायचं होतं. ते खिडकीशी आले आणि शांतपणे म्हणाले, "ताई, मूर्ती खिडकीत आणता येईल का?"

आणली. आत मी आणि आत्या हात जोडून, बाहेर सव्वीस माणसं हात जोडून, मधे यांनीच मुद्दाम जाड करून घेतलेले गज. त्रिसरण, पंचशील, सगळं नीट झालं. फक्त मी मधेच एकदा हळूच मागं जाऊन दार ओढून बघितलं, तेव्हा आत्यांनी हात जोडलेले ठेवूनच मला कोपर मारलं.

मग जेवणं. सगळा स्वयंपाक आत! गजांतून ताट जाईना, वाटी जायची. पुरी दुमडून जायची. मी एकेक पुरी बाहेर सरकवत होते आणि पाहुणे खिडकीपुढं रांगेत उभे. एक चुलत सासरे म्हणाले, "खीर बेस झालीया. आणि एक वाटी सोड बाई."

जेवणं झाल्यावर यांनी खिडकीतून हॅक्सॉचं पातं मागून घेतलं आणि फटीत घालून वरपासून खालपर्यंत चिकटलेलं वॉर्निश कापत बसले. तासभर तेच. मी आतून विचारायची, "झालं का? किती राहिलं? मी काही करू का?"

"काय बी करू नगंस!" सव्वीसच्या सव्वीस माणसं म्हणाली.

शेवटी हे, बाळू आणि रिक्षावाला, तिघांनी एकदम खांदा दिला. कर्रर्र करून दार सुटलं आणि बाळू जो आत शिरला तो थांबला स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. हे उंबऱ्यात उभे राहिले. घामानं निथळत होते. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझे डोळे भरलेले बघितले आणि एवढंच म्हणाले, "जेवलीस का?"

नव्हते जेवले. खीर संपली होती.

त्या दिवसाचा एकच फोटो नीट आला. बाळूनं आणलेल्या रोलच्या कॅमेऱ्यातला. अंगणात सगळे पाहुणे हसत उभे, आणि मागं खिडकीत दोन्ही हातांनी गज धरून मी. आत्यांनी तो मोठा करून हॉलमध्ये लावलाय. नवीन माणूस घरी आला की चहा पिता पिता फोटोकडं बघतो, माझ्याकडं बघतो, आणि आत्यांना हळूच विचारतो, "सूनबाई कशापायी आत गेलत्या?"

"तिची तीच गेली," आत्या सांगतात. "आम्ही सगळ्यांनी मिळून सोडवून आणली."