लेकीच्या घरचं जेवण

सत्त्याण्णवच्या आसपासची गोष्ट. माझ्या वडिलांच्या, आबांच्या पायाच्या अंगठ्याची जखम काही केल्या भरेना, तेव्हा माझ्या जिवाला घोर लागला. चुलत्यांचा पाय साखरेपायी गुडघ्यातून कापलेला मी पाहिला होता. आबांना निरवांगीहून बारामतीला माझ्याकडं बोलावून घेतलं. ते आपले हसण्यावारी नेत होते. "मला कसली साखर? जल्माचा काटकुळा, मेंढरामागं पळालेला गडी मी!"

दवाखान्यात तपासलं, तर उपाशीपोटीचं रक्त ठीक आलं, जेवणानंतरचंही ठीक. मला हायसं वाटलं, पण डॉक्टर जखमेकडंच बघत राहिले. "पुस्तकातले आकडे बहुतेक गोऱ्या लोकांवरून काढलेत," ते म्हणाले. "आपल्याकडं वाळक्या माणसालाही साखर निघते. कधी उपाशीपोटी दडून बसते, जेवल्यावर वर येते. मग यांची जेवल्यावरही ठीक कशी?"

मी चटकन आबांकडं पाहिलं. लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माझ्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. उपाशीपोटीचं रक्त दिल्यावर आबा "स्टँडवर जेवून येतो" म्हणून गेले होते.

बाहेर आल्याआल्या विचारलं, "आबा, खरं सांगा, स्टँडवर काय खाल्लं?"

"हाटेलातलं मला जात न्हाय. च्या पिलो, बिनसाखरेचा. साखर तपासायची म्हनल्यावर साखर कशाला खायाची?"

वर हसतात! माझं डोकंच फिरलं. "मग घ्या पाय कापून! मला पोर नाही म्हणून माझ्या घरचं अन्न चालत नाही व्हय तुमाला? पाय गेल्यावर कुठली रीत येणार हाय आधाराला?"

भर रस्त्यात ओरडले मी. दुसऱ्या दिवशी आबा मान खाली घालून माझ्या स्वयंपाकघरात जेवले. भाकरी, वांग्याचं कालवण, भात. नंतर रक्त देऊन रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसून देवाचा धावा केला.

साखर भरपूर निघाली. "वेळेत सापडली," डॉक्टर म्हणाले. "औषध आणि पथ्य सांभाळलं तर पाय वाचेल."

पुढच्या खेपेला आबा आपण होऊन पाटावर बसले. "वाढ पोरी." या शब्दासाठी मी किती वर्षं झुरले होते! मी पथ्याची एकच भाकरी वाढली. ती संपवून ते म्हणाले, "झ्याक झालीया. अजून एक दे की."

मला नाही म्हणावं लागलं.