तापसासाठी राखलेलं बेट

घशाच्या ऑपरेशनमध्ये चटईवाल्या काकूंचा आवाज गेला. त्याआधी त्या बोलायला लागल्या की समोरच्याला तोंड उघडायची सोय नसे. आता नुसती कुजबुज उरली होती. "घरात दोघांचं मलाच बोलावं लागतं," असं काका गिऱ्हाइकांना सांगत, आणि काकू हसून मान डोलवत.

दोघं होडीतून तळ्यातल्या नळांच्या, म्हणजे उंच पोकळ गवताच्या, रानात जात, नळ कापून आणत, वाळवून चटया विणत. त्या रानात तापस नावाचा एक पक्षी राहायचा. जात बगळ्याची, पण अंगावर वाळक्या नळांसारखे पट्टे. चाहूल लागली की चोच वर करून असा ताठ उभा राही, की समोर असून दिसू नये. कुणी अगदी अंगावर आल्याशिवाय उडायचा नाही.

एका सकाळी काका पेंढ्या काठावर टाकायला गेले होते. काकू उथळ पाण्यात उतरून कापत होत्या. पाऊल चुकलं आणि त्या कमरेपर्यंत चिखलात रुतल्या. हलावं तसं अंग आणखी खाली जाई. काका परतले, हाका मारू लागले. काकूंनी ओ दिली, पण ती त्यांची त्यांनाच ऐकू आली नाही. नळ डोक्याहून उंच. होडी भलतीकडेच वळली, तसा त्यांचा धीर सुटला.

तेवढ्यात शेजारच्या नळांच्या बेटात एक पिवळा डोळा त्यांच्याकडे बघताना दिसला. "माफ कर रे बाबा," असं मनात म्हणत त्यांनी चिखलाचा गोळा भिरकावला. तापस फडफडत उडाला.

"माझ्या हाकांनी तो हलणारा नव्हे," काका पुढे सगळ्यांना सांगत. "म्हटलं, ही तिथंच असणार."

चिखलावर पेंढ्या पसरून त्यांनी काकूंना ओढून काढलं. होडीत मात्र काकांच्या तोंडून शब्द फुटेना.

"अहो, बोला की काहीतरी," काकू कुजबुजल्या.

त्या वर्षापासून ते बेट त्यांनी कापलं नाही. दीर म्हणाले, "वहिनी, सगळ्यात चांगला नळ तोच, आणि तोच सोडता?"

"त्याचं घर आहे ते, भावजी. माझं घर त्यानं राखलं."

तापस बरेच दिवस फिरकला नाही. काकूंना चैन पडेना. मग एका पहाटे रिकाम्या घागरीत फुंकर घालावी तसा त्याचा घुमारा बेटातून आला. काकूंनी विणणं थांबवलं आणि काकांना गप्प बसायची खूण केली.