उंबऱ्याबाहेरून

"हात काढ! तुझा हात लागल्यावर ह्या ताटातलं कोण खाईल?"

मलिद्याचं ताट व्हतं. गुळात कालवलेले पोहे, खोबऱ्याचा कीस, कडेनं केळं-खजूर. आम्हा इस्राएलांचा, म्हंजे कोकणातल्या ज्यू लोकांचा, नवसाचा मलिदा. मी आठ वर्षांची. बाकीच्या पोरींसारखा हात घातल्ता. रेल्वेतल्या गार्डाच्या बायकोनं, तिला समदे मावशी म्हणायचे, मनगटावर फाडकन चापट मारली. मावशी गोरी इस्राएल, आम्ही काळे इस्राएल. आमच्या कोण्या आजोबानं म्हणं जातीबाहेरची बायको केल्ती. देव एक, शनवारचा शब्बाथ एक, ताट मात्र वेगळं. आई कोपऱ्यात गप बसल्ती. मला तिचाच जास्ती राग आल्ता.

जालन्यात तव्हा निजामाचा अंमल. आमची नऊ घरं, समदी रेल्वेच्या नोकरीपायी कोकणातून आलेली. त्यात काळं घर आमचं एकटंच.

मी सोळाची असताना आई तापानं गेली. शुक्रवारी दुपारी. दिस बुडला की शब्बाथ लागणार, त्याच्या आत माती द्यायची. बाईला आंघोळ बायांनीच घालायची. बाया आल्या अन् उंबऱ्यापाशी थांबल्या.

मावशी बाहेरूनच म्हणली, "तूच घाल. मी सांगते तसं कर."

मंग मी एकटीनं आईला धुतलं. बाहेरून आवाज येत व्हता. "डोकं आधी. आता उजवी बाजू. पालथी घालू नको, कुशीवर घे." एकटीला आई कुशीवर वळंना. निसटली अन् डोकं फळीवर आपटलं. तो आवाज बाहेर समद्यांनी ऐकला. एकबी आत आली न्हाई. कफन त्यांनीच शिवल्तं, रीतीपरमाणं बिनगाठीचं. ते उंबऱ्यावरून आत टाकलं.

बारा वर्षांनी मावशीची सून बाळंतपणात गेली. मुडदा धुवायचं काम आजवर मावशीच करायची, पण तिला दिसंना झाल्तं. बाकीच्यांनी हे काम कधी अंगाला लावूनच घेतलं नव्हतं. आता ते येत व्हतं फक्त मला. बोलावणं आलं. सून भली बाई. तिनं मला कधी वेगळी कपबशी दिली न्हाई. मी गेले, अन् उंबऱ्यावर थांबले.

"आत ये ना पोरी, दिस चाललाय," मावशी म्हणली.

"एकटी न्हाई धुणार. समद्या आत या. घागर एक. माझा हात अन् तुमचा हात एकाच पाण्यात. न्हाई तर मी चालले."

"मुडद्यावर अडून बसतीस? लाज न्हाई वाटत?"

वाटत व्हती. लई वाटत व्हती. पण आईचं डोकं आपटल्याचा आवाज कानात व्हता. मी हालले न्हाई.

ऊन भिंतीवर चढलं. फिटरची बायको पदर खोचून आत गेली. तिच्या मागं बाकीच्या. शेवटी मावशी चाचपडत आली. मी तिचा हात धरून घागरीत घातला. चापट मारलेला तोच हात.

सुनेला कुशीवर घेताना चौघी लागल्या. डोकं आपटलं न्हाई.

पुढच्या रविवारी मी समद्या बायांना माझ्या अंगणात बसवलं. सांगितलं, हे काम आजपासून समद्यांनी शिकायचं. कुणाचीबी बाई मरो, समद्यांनी आत जायचं. उंबऱ्यावर कुणी थांबायचं न्हाई.

मावशी फणकारली, "तुला पुढारीण कुणी केलं गं?"

"तुम्हीच केलं, मावशी. उंबऱ्याबाहेर उभं राहून."

मी समद्यांकडं वळून म्हणलं, "अन् अजून ऐका. येत्या नवसाचा मलिदा मी कालवणार. ह्याच हातानं. ज्याला खायचा त्यानं खावा."