फ्रेमभर आई

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फोटोवाला आहे. त्याला सगळे ‘कलाकार’ म्हणतात. थट्टेनंच म्हणायचे, पण ती त्याला कळली नाही आणि त्यानं पाटीवर तसं रंगवूनही घेतलं. आयुष्यभर त्याचा एकच हट्ट: फ्रेम भरली पाहिजे, मग आतल्या माणसाचं काहीही होवो. लग्नातला शिडशिडीत नवरा त्याच्या हातून पोतं होऊन बाहेर पडतो, आणि गिऱ्हाईक माना डोलावत घरी जातं.

माझी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी रांगत होती. भाओजींनी बहिणीचा एकुलता एक बरा फोटो या महाभागाकडे मोठा करायला दिला. मी तेव्हा परगावी. काही वर्षांनी बदली होऊन आले, त्यांच्या भिंतीकडे पाहिलं आणि डोकंच फिरलं. माझ्या काटकुळ्या बहिणीचे गाल टरारून फुगलेले, खांदे पैलवानाचे. भाओजींना त्याची सवय झाली होती म्हणे!

फ्रेम उचलून तशीच दुकानात नेली.

“फ्रेम चौरस, फोटो उभट,” कलाकार म्हणाले. “बाजू रिकाम्या सोडू का? रुंदी ओढली दीडपट.”

“आणि उंची?”

“उंची बसत होती की! जाड वाटतात का? थांबा, लहान करून देतो.”

त्यानं कॉम्प्युटरवर अख्खा फोटोच निम्मा केला. “बघा, झाल्या बारीक!”

बारीक कसली, नुसती छोटी झाली होती. उंची निम्मी, रुंदीही निम्मी, म्हणजे तीच जाडी बाई लांबून बघितल्यासारखी. पोटासाठी हेच करत केस पिकले, आणि एवढं डोक्यात शिरलं नाही!

शेवटी मीच खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हटलं, आधी होता तेवढा करा आणि उंचीला हात लावू नका. रुंदी दीडपट केलीत ना, आता तेवढ्या रुंदीलाच दीडनं भागा. त्यानं तोंड वाकडं करत आकडा टाकला, आणि बहिणीची निमुळती हनुवटी समोर आली. मला तिथंच रडू फुटलं.

“पण बाजू रिकाम्या राहिल्या हो,” तो हळहळला.

घरी येऊन फोटो टांगला. भाची मान वर करून पाहू लागली.

“ही कोण?”

“तुझी आई गं.”

“चल! माझी आई अशी आहे,” ती म्हणाली, आणि तिनं दोन्ही गाल टम्म फुगवून दाखवले.